गोखिवऱ्याच्या रजिस्टरातली शून्यं

"तोंड उघड."

मी उघडलं.

"अजून. आ कर, आ."

मोठ्या डॉक्टरांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवली. लाकडी पट्टी आत घालून वरचा ओठ उचलला. समोर नऊ-दहा पाहुणे. एक गोरा, एक गोरी, औषधाच्या कंपनीतला एक टायवाला, बाकीचे मुंबईच्या इस्पितळातले शिकाऊ डॉक्टर. एकेक जण पुढे आला, वाकला, माझ्या हिरड्या बघून मागे सरला. पाचूबंदरला आमच्या मासळीच्या पाटीपुढे बसलेलं गिऱ्हाईक सुरमईचे कल्ले असेच उचलून बघतं. लाल असले तर ताजी, नाहीतर बर्फातली. चोवीस वर्षं मी ते बघत आले होते. सुरमईला काय वाटत असेल, ते त्या दिवशी कळलं.

मग डॉक्टर इंग्रजीत बोलले. गोळीमुळे हिरड्या थोड्या सुजल्यात, म्हणाले, त्याचं विशेष नाही. मासेमारांची मुलगी आहे. बुद्धी बेताची. पण सहा महिन्यांत एकही फिट नाही.

मी मिशनच्या शाळेत अकरावीपर्यंत शिकलेली. मॅट्रिकला इंग्रजीत एक्कावन्न मार्क. फार नाहीत. पण 'बुद्धी बेताची' एवढं समजायला पुरतात.

टायवाल्याने कॅमेरा काढला. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि मराठीत आले. "हस गं जरा. बरी झालीस ना तू?"

आणि मी हसले.

लाज वाटते ती त्या हसण्याची. हनुवटी त्यांनी धरली. ओठ त्यांनी उचलला. हसले मात्र मी. कुणीही जबरदस्ती केली नव्हती. सवय होती.

आमच्या घरात जेवणं झाल्यावर गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे असतं. आता पन्नाशी ओलांडली, केस गेले, तोंड तेवढं शाबूत आहे. भाचरं भोवती बसतात. होडी उलटल्याची गोष्ट, फादरांच्या सायकलीची गोष्ट, सगळ्या तिखटमीठ लावून सांगते. ही एक कधी सांगितली नाही. सांगायला बसले की पाय हलायला लागतो. आत्ताही हलतोय. हलू दे.

तर मला फिट येतात. सोळाव्या वर्षापासून. पहिली आली ती चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेत. गुडघे टेकायची वेळ होती, मी सगळीच टेकले. शेजारच्या बायकांना आधी भक्तीच वाटली म्हणे. मग तोंडाला फेस दिसला आणि बाकं रिकामी झाली.

तेव्हापासून शुद्धीवर येताना नाकाशी कायम काहीतरी असायचं. कांदा. चप्पल. एकदा सुका बोंबील, कारण धावत आलेल्या बाईच्या हातात तोच होता. नुसत्या वासावरून चप्पल कुणाची ते सांगेन, इतका माझा अभ्यास झाला. पण हुंगवताना बघणारे डोळे असायचे, त्यांचा अभ्यास कधी झाला नाही. त्या डोळ्यांनी दर वेळी नव्याने मारलं.

घरात 'फिट' हा शब्द नव्हता. घरात 'चक्कर' होती. "तिला जरा चक्कर येते," आय सांगायची. माझी आय पाटी घेऊन दारोदार मासळी विकणारी, तिखट जिभेची बाई. गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायची. पण माझा विषय निघाला की तिचा आवाज खाली जायचा. चूल बंद. विहीर बंद. दर्यावर जाणं बंद. उरलं काय? बसणं. बसण्यात मी तरबेज झाले.

एकच गोष्ट माझी होती. रविवारी मिस्सेनंतर लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग मी घ्यायचे. तीसेक पोरं. मी गोष्टी सांगायचे आणि ती तोंडं उघडी टाकून ऐकायची. आठवड्यातला तो एक तास मी कुणाची चक्कर नसायचे. बाई असायचे.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. कळलं की मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाचे डॉक्टर फिट येणाऱ्यांसाठी नवी गोळी देतात. फुकट. संशोधन चालू आहे. महिन्यातून एकदा, शनिवारी, वसईत दोन ठिकाणी येतात. एक ठिकाण आमच्या चर्चजवळची शाळा. दुसरं गोखिवरे, रेल्वेच्या पलीकडे.

आय म्हणाली, "गोखिवऱ्याला जाऊ."

"आय, शाळा पाच मिनिटांवर आहे."

"म्हनूनच."

तेव्हा माझी धाकटी बहीण मोनू, तिच्यासाठी स्थळं बघत होते. शाळेतल्या रांगेत मला बघितलं की दुपारपर्यंत सगळ्या बंदराला कळणार. म्हणून आम्ही टांग्याने स्टेशनला गेलो, रूळ ओलांडले, उन्हातून चालत गोखिवऱ्याच्या शाळेत पोचलो. आय डोक्यावरून पदर घेऊन चोरासारखी आत शिरली. आणि पहिल्याच बाकावर आमच्या शेजारची रेजिनाबाय. तिच्यासोबत तिचा बस्त्याव. चांगला पंचविशीचा, ट्रॉलरवर जाणारा गडी.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"काय गो रेजिना, इकडं कुटं?"

"डोळे तपासाया आलो. तू?"

"आमी पन डोळेच."

भिंतीवर हातभर अक्षरांत 'फिट येणाऱ्या रुग्णांसाठी' असा कागद लावलेला होता. दोघींच्या डोळ्यांना खरंच तपासणीची गरज असावी. मागे बघितलं तर आणखी तीन घरं आमच्याच बाजूची. सगळी लपायला इतक्या लांब आली होती आणि सगळी एकाच खोलीत सापडली होती. आमच्या शाळेत, नंतर कळलं, गोखिवऱ्याची माणसं यायची.

मी हसले. आयने कोपर मारलं.

खोलीच्या टोकाला टेबल. टेबलावर रजिस्टर. मागे एक तरुण डॉक्टर, आवाज पहाडी. पेशंटची खुर्ची पहिल्या बाकापासून दोन हातांवर. पडदा नाही, दार नाही. नाव विचारायचा ते शेवटच्या बाकाला ऐकू जायचं.

पहिल्या शनिवारी नाव लिहून गोळ्यांच्या पुड्या दिल्या. पुढच्या महिन्यात हिशेब विचारायला सुरुवात झाली.

"या महिन्यात किती फिट आल्या?"

प्रश्न आयला. मी खुर्चीवर बसलेली, आय मागे उभी, तरी प्रश्न आयला. आयने मागे वळून बघितलं. बाकावर रेजिनाबाय कान लावून.

"नाय," आय म्हणाली. "एक पन नाय."

पाच आल्या होत्या. एक तर त्याच सकाळी, टांग्यात बसायच्या आधी. जीभ चावली होती, तोंडात रक्ताची चव होती. मी मान वर करून आयकडे बघितलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. जोरात.

तरुण डॉक्टरने चौकोनात शून्य काढलं. गोल, सुबक. "छान. गोळी तीच चालू ठेवा."

मग बस्त्याव. "एक पन नाय." मग पुढचं घर. "नाय, साहेब." गोखिवऱ्याच्या त्या खोलीत माणसं धडाधड बरी व्हायला लागली. वेलंकणीच्या मातेला जमलं नसतं ते एका चौकोनी कागदावर होत होतं. मोठे डॉक्टर दोन-तीन महिन्यांतून यायचे, रजिस्टर चाळायचे, खूश व्हायचे. एवढे शिकलेले. दोन हातांवर बसलेली रांग काही त्यांना दिसली नाही.

त्या गोळीने मला फिट यायच्या थांबल्या नाहीत. दिवस मात्र थांबले. सकाळी उठायचे ती दुपारीच उठल्यासारखी. शब्द सापडेनात. 'माचिस' म्हणायला मी 'ते, ते पेटतं ते' म्हणायचे. चालताना डुलायचे. होडीत पाय न ठेवता मी होडीत असल्यासारखी चालायचे, आणि लोक म्हणायचे, बाप पितो तो पितो, आता पोरगीही लागली. हिरड्या सुजून दातांवर चढल्या. आणि वर्ग. दहा आज्ञांतल्या दुसऱ्या आज्ञेवर बोलता बोलता मी झोपले. जागी झाले तर पोरांनी मला कोळशाने मिश्या काढल्या होत्या. तेही मी हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी परत झोपले. तिसऱ्या वेळी फादरांनी मला बाजूला घेतलं. "बाई, तुम्ही थोडी विश्रांती घ्या." वर्ग दुसऱ्या बाईकडे गेला.

आठवड्यातला तो तास गेला. तो कुठल्या चौकोनात लिहायचा? रजिस्टरात चौकोन एकच होता. किती फिट? शून्य. म्हणजे बरी.

मी एकदा आयला म्हटलं, "खरं सांग ना त्यांना. गोळी बदलतील. नाहीतर कमी-जास्त करतील."

"रेजिना मागं बसते. दिसत नाय तुला?"

"तिचाही मुलगा पडतोच की."

"तिला पोरगी नाय लगनाची." मग आवाज खाली. "मोनूचं होऊ दे गो. मग बोल काय बोलायचं ते."

मोनूचं ठरलं. अर्नाळ्याचा मुलगा, घरची दोन गलबतं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मिस्सेत दोघांची नावं वाचतात. कुणाला काही हरकत, काही ठाऊक असेल तर सांगावं. पहिला रविवार गेला. दुसरा गेला. आय मिस्सेत बसून फादरांकडे न बघता मागच्या बाकांकडे बघायची. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी गोखिवऱ्याचा शनिवार आला.

त्याच शनिवारी पाहुणे आले. त्याच शनिवारी कल्ले उचलले गेले.

हसून झाल्यावर मला वाटलं, संपलं. उठू या. तेवढ्यात ती गोरी बाई पुढे आली. पुढे वाकून तिने हळू, सुट्या सुट्या इंग्रजीत विचारलं. तू दिवसभर काय करतेस? आता तुझं आयुष्य कसं आहे?

माझ्याकडे बघून विचारलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

मी शब्द शोधायला लागले. गोळीने शब्द लांब लांब ठेवलेले. मला वर्गाबद्दल सांगायचं होतं. तोंड हलवायच्या आत मोठे डॉक्टर बोलून मोकळे झाले. "घरकाम करते. साधी माणसं आहेत ही, फार अपेक्षा नसतात. आनंदात आहे."

आनंदात आहे.

माझ्या अंगात काहीतरी वर चढलं. फिट यायच्या आधी पोटातून एक लाट वर येते, तसंच काहीतरी. मला वाटलं आली. पण ती फिट नव्हती. पाय जमिनीवर होते. डोकं साफ होतं. कित्येक महिन्यांत नव्हतं इतकं साफ.

"नाईन," मी म्हटलं. "नाईन टाइम्स, सर."

"काय?"

"या महिन्यात नऊ वेळा आल्या. मागच्या महिन्यात सहा. त्याआधी पाच. कपाटाच्या दारामागे मी खडूने रेघा मारल्यात. सगळ्या आहेत."

डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. माझ्या डोक्यावरून आयला म्हणाले, "काय हो बाई, ही काय बोलते?"

आयचा चेहरा पांढरा. मागे रेजिनाबाय. मागे आमच्याकडची तीन घरं. "येडी हाय ती, साहेब," आय म्हणाली. "चक्कर आली का अशीच बडबडते."

"चक्कर येते? म्हणजे येते?"



मग मोठे डॉक्टर बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "तुम्हा लोकांना फुकट औषध द्यायचं, मुंबईहून धावत यायचं, आणि तुम्ही आमच्या तोंडावर खोटं बोलायचं. तुमच्यासाठी काही करायची सोय नाही."

तुम्हा लोकांना. म्हणजे कोण ते सांगायची गरज नव्हती. मासळीचा वास येणारे लोक. रांगेतले लोक.

मी उभी राहिले. डुलत होते, म्हणून टेबल धरलं. "खोटं आय बोलली. पण तुम्ही विचारलंत कुणाला? मला विचारलंत कधी? सहा महिने मी या खुर्चीवर बसते. अख्ख्या गावासमोर मोठ्याने विचारता, आणि तेही तिला. इथं कोण खरं सांगेल? आणि फिट सोडून काही विचारलंत? मी झोपते किती, विसरते किती, माझा वर्ग गेला. ते कुठं लिहिलंय?"

बाकावरून बस्त्याव उठला. खरंच उठला, अर्धा. त्याच्या आईने शर्ट खेचला. बसला. मी त्याला दोष देत नाही. म्हणजे, देते थोडा.

गोरी बाई विचारत होती काय चाललंय. कुणीच तिला सांगितलं नाही. मला सांगायचं होतं, पण माझं एक्कावन्न मार्कांचं इंग्रजी 'नाईन टाइम्स'वर संपलं होतं. आयुष्यात एकदाच कामाला आलं आणि तेवढ्यातच खलास.

"हिचं नाव काढा," मोठे डॉक्टर तरुण डॉक्टरला म्हणाले. त्याने लाल पेन घेतलं.

स्टेशनपर्यंत आय माझ्या पुढे पुढे चालत राहिली. टांग्यात बसल्यावर म्हणाली, "भयनीचं लगीन मोडलं ना, तर बघ मी काय करते ती." मग रडली. मी तिचा हात धरला. तिने काढून घेतला. वाईट बाई नव्हती माझी आय. दोन पोरींतली कुठली वाचेल याचा हिशेब तिला रोज करावा लागत होता, आणि त्यात मी कायम वजा व्हायचे.

तिसऱ्या रविवारी नावं वाचली. कुणी उभं राहिलं नाही. पण सोमवारी अर्नाळ्याहून मुलाची आत्या आली. चहा प्यायली. मोनूचं कौतुक केलं. उठताना म्हणाली, "लगीन व्हईल. फक्त मोठी पोरगी त्या दिवशी कोनाच्या नजरेला पडू नये. वेदीपुढं काय झालं-बिलं तर, आमचा मान हाय."

आयने मान डोलावली. रात्री मोनू माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हाताला मेंदी नव्हती अजून. "ताई, एकच दिवस गो."

एकच दिवस. मी राहिले घरी. हो. शनिवारी डॉक्टरला ऐकवणारी बंडखोर बाई लग्नाच्या दिवशी आतून कडी लावून बसली. चर्चच्या घंटा ऐकल्या. बँडबाजा ऐकला. जमलं तेवढं गुणगुणलेसुद्धा. मग लाट आली, ती खरी. शुद्धीवर आले तेव्हा फरशीवर होते, कपाळ फुटलेलं, ओठ फुटलेला. पहिल्यांदाच नाकाशी काही नव्हतं. बघणारं कुणी नव्हतं. वाटलं होतं, कुणी बघत नसलं तर बरं वाटेल.

नाही वाटलं. मी तिथं मेले असते तर लोकांना पाहुणे गेल्यावर कळलं असतं. लपवून ठेवलेल्या माणसाचं मरणही सोयीच्या वेळी उघडतात. तसंच फरशीवर बसून मी रक्त पुसलं आणि मनाशी म्हटलं, बस्स. लपायचं झालं. माझ्याने एवढंच लपणं होणार होतं.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी मी एकटी निघाले. आय दारात आडवी उभी राहिली. "वाटेत पडशील."

"पडले तर उठेन. आजवर उठलेच आहे."

बाजूने निघाले. टांगा केला. रूळ ओलांडताना दोन्हीकडे तीन-तीनदा बघितलं, भित्री तर मी आहेच. खोलीत शिरले तर रेजिनाबायने तोंड फिरवलं. बस्त्यावने फिरवलं नाही. मी सरळ जाऊन खुर्चीवर बसले.

तरुण डॉक्टर गोंधळला. "तुमचं नाव काढलंय. सोबत कोण आहे?"

"मी आहे. बघू नाव कसं काढलंय."

त्याने पान उघडलं, आणि मी बघितलं. माझ्या नावावर लाल रेघ होती. फक्त नावावर. पुढची शून्यं तशीच होती. एक, दोन, तीन, चार, पाच. गोल, सुबक. शेवटच्या चौकोनात, मी नऊ म्हणून सांगितलं होतं त्या महिन्यात, तिथंही शून्यच. पानाच्या खाली बेरजेत सगळी धरलेली.

"नाव काढलंत आणि शून्यं ठेवलीत?"

तो खाली बघायला लागला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. माझ्याच वयाचा असेल. "वरून सांगितलंय," तो पुटपुटला. "अहवाल जायचाय. हळू बोला जरा, लोक ऐकतात."

"सहा महिने लोक ऐकतच होते."

मी त्याच्या हातून पेन घेतलं. घेतलं म्हणजे ओढलंच. पहिल्या शून्यावर काट मारली आणि बाजूला पाच लिहिलं. दुसऱ्यावर सात. चार. पाच. सहा. नऊ. अक्षर भिकार आलं, पण वाचता येत होतं. मग समासात, जिथं चौकोन नव्हता तिथं, लिहिलं: दिवसभर झोप. शब्द आठवत नाहीत. तोल जातो. वर्ग गेला. आणि खाली माझं पूर्ण नाव, सही करतात तसं.

"हे चालणार नाही," तो म्हणाला. "पान बदलतील ते."

"बदलू दे. पुढच्या महिन्यात मी येईन. नवं पान असेल त्यावर परत लिहीन. गोळी देऊ नका, तरी येईन. रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आकडा सांगेन. ते नको असेल तर या टेबलाला पडदा लावा, आणि खुर्चीवर जो बसलाय त्याला विचारा. त्याच्या आईला नाही."

मी पेन खाली ठेवलं. उठले नाही.

"आता विचारा," मी म्हटलं. "या महिन्यात किती?"